घरकाम आणि घरचं काम

स्त्री हा मत्स्यव्यवसायाचा कणा आहे.

हे वाक्य मी नोकरीत असताना किती वेळा लिहिलं याचा हिशेब ठेवला नाही. ते माझ्यासाठी नव्हतं, व्यासपीठावर बसणाऱ्यांसाठी होतं. मत्स्यव्यवसाय खात्यात भाषण लिहिण्याचं काम ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात पडतं, आणि माझं अक्षर दुर्दैवानं फार चांगलं आहे. पाहुणे 'कणा' या शब्दावर थांबायचे, उजवा हात वर करायचे, मग टाळ्या. मी मागच्या रांगेत बसून दर वेळी एकच विचार करायची, की या सभागृहात मासे खाणारं कुणीच नसावं. खाणाऱ्याला माहीत असतं की माशाचा कणा आधी बोटांनी सोडवायचा आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायचा.

मी वाईची. आमच्या घरात मासा हा शब्द जेवताना उच्चारायची पद्धत नव्हती. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आईनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कायम आहे ना?" मी हो म्हटलं. "मग वास चालेल," ती म्हणाली. खात्यात माझा प्रवेश इतक्या तात्त्विक पायावर झाला.

सातारा आणि सांगलीत समुद्र नाही, हे मला नातेवाइकांनी पुष्कळदा सांगितलेलं आहे. तुम्ही नेमकं करता काय, असंही विचारलं जायचं. म्हणून थोडक्यात सांगते. समुद्र नसला तरी तलाव आहेत, धरणं आहेत, नद्या आहेत. तलावातले मासे धरायचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळतो. पावसाळ्यात संस्था तलावात बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. कटला, रोहू, मृगळ. चिलापी कुणी सोडत नाही, ती आपली आपण होते आणि इतरांपेक्षा जास्त होते. मग जे सभासद असतील त्यांनीच तिथं जाळं टाकायचं. सभासद कोणाला करायचं? जो 'क्रियाशील मच्छीमार' असेल त्याला. माझी निम्मी नोकरी या एका शब्दाभोवती गेली. दोनही जिल्ह्यांत मी क्रियाशील नसलेले पुष्कळ सभासद पाहिले. त्यांतल्या काहींना पाण्याची भीती वाटायची. एक तर शाकाहारी होते. त्यांच्या क्रियाशीलतेबद्दल कधी कुणी शंका घेतली नाही. शंका घेतली गेली ती शालनबद्दल.

शालन ज्या तलावावरची, त्याचं नाव देत नाही. कडेगावपासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथले चेअरमन अजून हयात आहेत, माझ्याशी बोलतातही, आणि हा अंक त्यांच्या हाती पडणारच नाही असं सांगता येत नाही.

शालनला मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मच्छीमार कुटुंबांच्या पाहणीत. घरोघर जाऊन रजिस्टर भरायचं होतं. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, व्यवसाय. व्यवसायाचा रकाना अंगठ्याएवढा रुंद. शालन तेव्हा नवी नवरी म्हणण्यासारखीच होती. उंबऱ्याशी बसून जाळं विणत होती. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात सुई, आणि बाकीचं जाळं अंगणभर पसरलेलं. शेजारी तिची सासू फाटलेलं जाळं सांधत होती.

"तू काय काम करतेस?" मी विचारलं.

"घरचंच काम करते की," ती म्हणाली.

मी रकान्यात लिहिलं, 'घरकाम'.

"म्याडम, जरा पाय उचला," ती म्हणाली. "जाळ्यावर हाय तुमचा."

मी पाय उचलला, सॉरी म्हटलं आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी त्या वस्तीतल्या सगळ्या बायकांनी मला तेच उत्तर दिलं आणि मी सगळ्यांपुढे तेच लिहिलं. सुवाच्य अक्षरात. साहेबांनी रजिस्टर पाहून शाबासकी दिली, एकही खाडाखोड नाही म्हणून.

या बायका करतात काय हे मला बाजारात कळलं. कडेगावच्या बाजाराला एकदा कामानिमित्त गेले होते, तर शालन पाटी पुढ्यात घेऊन बसलेली. पुरुष मासा धरतो आणि किनाऱ्यावर आणतो. तिथून पुढे तो मासा बाईचा. जाळ्यातून सोडवणं, निवडणं, पाटी डोक्यावर घेऊन एसटीच्या कंडक्टरशी भांडणं आणि गिऱ्हाइकाशी त्याहून जास्त भांडणं. तिचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. ते मासा विकत घेत नसत, त्याची तपासणी करत. काठी काखेत, पाठ ताठ. एकेका माशाचे कल्ले उघडून बघायचे, डोळे बघायचे, शेपटी ताणून बघायचे.

"ये कल का माल है," सुभेदार म्हणाले.

"सुभेदार, सकाळी सहाला हजर झालाय त्यो," शालन म्हणाली. "तुमच्या पलटनीत तरी एवढं टायमावर कोन आलं का?"

"डोळा पांढरा दिसतोय."

"त्यो तुमाला बघून पडला. जिवंत असता तर सलाम ठोकला असता."

सुभेदारांनी तीन मासे घेतले. मी बाजूला उभी राहून हे पाहत होते, आणि पहिल्यांदाच मनात आलं की रजिस्टरमध्ये काहीतरी चुकलं असावं. पण मनात येणं आणि रजिस्टर दुरुस्त करणं यांत सरकारी नोकरीत फार अंतर असतं. मी एसटी धरून परत आले. त्या अंतराबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण ते पार करायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली.

मध्ये बरीच वर्षं गेली. बदल्यांत मी लोणंद ते म्हसवड सगळीकडचं पाणी पाहिलं आणि शेवटी सांगलीच्या कार्यालयात टेकले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एका दुपारी शालन टेबलासमोर येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. हातात पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"वळखलं का म्याडम?"

"ओळखलं. बस. पिशवीत काय आहे?"

"पुरावा हाय," ती म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली. आत ओलं जाळं होतं. माझ्या फायलींनी त्याच दिवशी पहिल्यांदा मासळीचा वास घेतला. इतक्या वर्षांत ते राहूनच गेलं होतं.

तिचा नवरा काविळीनं गेला होता. "मालक गेलं. तेरा दिस कुनी जाळ्याला हात लावला न्हाई. चौदाव्या दिशी म्या लावला, तर भावजी म्हनत्यात चोरी हाय ही. सभासद मालक हुतं, तू न्हाईस. धा जाळी हुती, नऊ त्यांनी संस्थेत नेऊन टाकली. ही एक भिजत पडली हुती म्हनून वाचली."

"सभासदत्वासाठी अर्ज केलास?"

"केला की. म्हनत्यात, बाई क्रियाशील न्हाई." तिनं तो शब्द असा उच्चारला की जणू एखादा रोग. "आवं, म्या जर क्रियाशील न्हाई तर त्या तळ्यात क्रिया करतंय कोन?"

भावजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे धाकटे चुलतभाऊ, संस्थेचे चेअरमन. गाव त्यांना तात्या म्हणायचं. वाईट माणूस नव्हे. पांढरे कपडे, पेनाला टोपण, आणि ठरावांची मनापासून आवड. मी संस्थेच्या खोलीत सुनावणी लावली. एका बाजूला तात्या आणि पाच-सहा सभासद, दुसऱ्या बाजूला शालन आणि तिची म्हातारी सासू, जिला शालन आत्या म्हणायची. मी वारसाचा नियम सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तात्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

"म्याडम, आमी नियमानं चालनारी मानसं. सरकारी पाहणीचं रजिस्टर हाय हे. शालनवैनींच्या नावापुढं बगा. व्यवसाय, घरकाम. आता घरकाम करनारी बाई क्रियाशील मच्छीमार कशी व्हनार? आन खाली सही कुनाची हाय?"

सही माझी होती. अक्षरही माझंच. झेरॉक्समध्येसुद्धा सुंदर दिसत होतं.

शालननं कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. "हे म्या कवा सांगितलं?"

"तूच सांगितलंस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही. "मी विचारलं, काय काम करतेस. तू म्हणालीस, घरचं काम."

"व्हय. मग?"

"म्हणून मी घरकाम लिहिलं."

आता आत्याबाई, ज्या एवढा वेळ भिंतीला टेकून तंबाखू मळत होत्या, त्यांनी मान वर केली. "अगं बया," त्या म्हणाल्या, "घरचं काम म्हंजी घरकाम व्हय?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. काम दोन प्रकारचं असतं. एक घरचं, एक लोकाचं. लोकाचं म्हणजे दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायचं, रोजगारावर. घरचं म्हणजे आपल्या घराचा जो धंदा असेल तो. जाळं विणायचं, मासा सोडवायचा, बाजार करायचा, आणि गडी कमी असेल तेव्हा पाण्यात जायचं. त्यांच्या घरात बाईला लोकाचं काम करावं लागत नव्हतं, ती घरचं काम करायची, हे त्या मोठ्या अभिमानानं मला सांगत होत्या, तेव्हाही आणि आत्ताही.

"आणि स्वयंपाक, भांडी, धुणं?" मी विचारलं.

"ते काय काम हाय?" आत्याबाई म्हणाल्या. "ते असतंयच."

म्हणजे जे त्या कामात धरतच नव्हत्या, तेवढंच मी रजिस्टरात लिहिलं होतं, आणि जे त्या सांगत होत्या ते सगळं वगळलं होतं. वाईत घरचं काम म्हणजे केर-वारे. मी वाईचा कान घेऊन त्या अंगणात उभी होते, आणि पाय जाळ्यावर.

कार्यालयात परतल्यावर मी एक पत्र लिहिलं. सदर नोंद माझी आहे, ती चुकीची आहे, अर्जदाराच्या बोलण्याचा अर्थ मला समजला नव्हता, त्या वस्तीतल्या सगळ्या स्त्रियांच्या नोंदी याच कारणानं चुकीच्या आहेत, त्या दुरुस्त कराव्यात.

साहेबांनी पत्र वाचून दार लावून घेतलं. "मॅडम, एक नोंद चूक म्हटलं तर सगळंच रजिस्टर चूक ठरेल."

"हो, ठरेल."

"मग त्यावर जे अहवाल गेले तेही."

"तेही."

"तुमची दोन वर्षं राहिलीत. शांतपणे काढा की."

"शांतपणे बरीच काढली, साहेब," मी म्हणाले. पत्र मागे घेतलं नाही. पंधरा दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली. तीत एक प्रश्न होता, की सदर नोंद चुकीची असल्याचे इतक्या वर्षांनंतर आपणास कसे समजले. मी खाली एका ओळीत उत्तर दिलं: 'ऐकू आले.' त्यानंतर मला नोटीस आली नाही. बढतीही आली नाही, पण ती तशीही येत नव्हती.

खात्यानं शेवटी मधला मार्ग काढला. जुनी नोंद बाजूला ठेवावी, अर्जदारानं अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष मासेमारी करून दाखवावी, त्याचा पंचनामा व्हावा. अधिकारी मीच. तात्यांनी हे आनंदानं मान्य केलं, आणि त्यांच्या आनंदाचं कारण मला शालननं सांगितलं.

त्या तलावावर बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही अशी रीत आहे. बाईचा पाय होडीला लागला की तलाव रुसतो आणि मासा खाली बसतो. शालन नवऱ्याबरोबर पाण्यात जायची ती थर्माकोलच्या तराफ्यावर, पहाटे, बांधाच्या पलीकडच्या अंगाला. तराफा होडीत मोडत नाही, म्हणून तलावाची हरकत नसावी. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीही पाहिलेलं नव्हतं. आता तात्यांनी, सभासदांच्या सुरक्षेची काळजी वाटून, तराफ्यावर बंदीचा ठराव केला होता. तराफ्याला ठरावाची बंदी, होडीला रीतीची. उरलं काय? काठावरून हात हलवणं.

"आता काय करणार?" मी शालनला विचारलं.

"बगू," ती म्हणाली. "भावाला फोन लावते."

पंचनाम्याच्या सकाळी मी पोचले तेव्हा बांधावर निम्मं गाव होतं. तात्या कडक इस्त्रीत. दोन पंच, दोघंही म्हातारे सभासद, यांना मी बांधावरच्या दगडावर बसवलं आणि नियमाप्रमाणे बजावलं, की पंचनामा पुरा होईपर्यंत जागा सोडायची नाही, सगळं डोळ्यांनी बघायचं. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

मग एक टेम्पो आला. त्यातून शालनच्या भावानं आणि चौघांनी मिळून उतरवली ती काहील. गूळ करायला उसाचा रस जिच्यात उकळतात ती, लोखंडी, परातीसारखी उथळ, पण एवढी की सहा माणसं गोल बसून जेवतील. शालनचं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. तिकडे पूर्वी नदी ओलांडायला काहील सर्रास वापरत. गुऱ्हाळ बंद पडलं, काहील परसात पालथी पडून होती.

"ही काय हाय?" तात्या म्हणाले.

"काहील," शालन म्हणाली.

"ते दिसतंय. हितं कशाला?"

"पान्यात जायला."

"बाईनं होडीत बसायचं न्हाई, वैनी. रीत हाय."

"होडी कुटं हाय ही?" शालननं काहिलीवर चापट मारली, ठण्ण वाजली. "भांडं हाय हे. आन भांड्याला बाईनं हात लावायचा न्हाई अशी रीत हाय का? आसंल तर सांगा, म्या आजच्या आज भांडी घासायची बंद करते. समद्याच करू."

बांधावरच्या बायका हसल्या. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमांची पुस्तिका काढून शांतपणे चाळली. नौकेची व्याख्या होती, भांड्याची नव्हती. "हरकत दिसत नाही," मी म्हणाले.

गोल भांडं पाण्यात वल्हवणं सोपं नसतं. वल्हं उजवीकडे मारलं की ते डावीकडे गिरकी घेतं, आणि माणूस जिथून निघाला तिकडेच तोंड करून बसतो. शालन गुडघ्यांवर बसली, वल्हं पुढे धरून आपल्याकडे ओढू लागली, पाणी कापल्यासारखं. काहील सरळ निघाली. एका हातानं वल्हं, दुसऱ्या हातानं जाळं सोडत तिनं तलावाच्या पोटापर्यंत ओळ टाकली आणि परत आली. जाळ्यात मासा अडकायला दोनेक तास द्यावे लागतात. चहा आला.

तात्यांना चहा गोड लागला नसावा. "ह्यात काय आवघाड हाय?" ते म्हणाले. "पोरं बी बसतील हिच्यात. मासेमारीचं कसब म्हनत्यात ते ह्ये न्हवं." आणि ते सिद्ध करायला, चप्पल काढून, ते स्वतः काहिलीत बसले. काठावरच्या एकानं ढकललं.

पहिली गिरकी बघून गाव हसलं. दुसऱ्या गिरकीला तात्यांनी वल्ह्याचा जोर वाढवला, त्यामुळे तिसरी लवकर आली. चौथ्या गिरकीत वल्हं हातातून निसटलं. तोवर वारा सुटला होता. काहील सावकाश फिरत फिरत आत निघाली. तात्यांचं तोंड आमच्याकडे यायचं, काहीतरी ओरडायचं आणि परत पलीकडे जायचं, त्यामुळे आम्हाला त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं.

"वैनी! हिला भोक—" पाठ. "—पानी यायला लागलंय!"

"जुनं भांडं हाय, भावजी!" शालन ओरडली. "डबा ठेवलाय बगा, उपसत ऱ्हावा!"

"कुनीतरी होडी आना रं!"

पंचांपैकी थोरल्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "आमी पंच हाय, तात्या," तो म्हणाला. "म्याडमनी सांगितलंय. जागा सोडता येत न्हाई." दुसऱ्या पंचानं गंभीरपणे मान हलवली. बाकीचे सभासद एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाला काहीतरी आठवलं होतं. कुणाचा खांदा दुखत होता, कुणी चहाचे कप गोळा करत होता. त्यांच्या या अचानक आलेल्या अशक्तपणाचा अर्थ मला नंतर कळला. ठराव करणाऱ्या माणसाला फिरताना बघायची संधी वारंवार येत नाही.

शालन काठाला बांधलेल्या संस्थेच्या होडीपाशी जाऊन उभी राहिली. पाय ठेवला नाही.

"भावजी! म्या येऊ का होडी घिऊन?"

"ये की!"

"माझा पाय लागंल तिला!"

तात्यांचं तोंड पलीकडे गेलं. सगळा बांध ते परत यायची वाट बघत थांबला. मी आयुष्यात पुष्कळ सुनावण्या घेतल्या, पण एवढी शांतता कुठल्याच सुनावणीत पाहिली नाही.

"लागू दे!"

"तळं रुसंल न्हवं!"

"न्हाई रुसत! म्या सांगतो ना! ये तू आधी!"

शालन माझ्याकडे वळली. "म्याडम, ल्हिलं का?"

"लिहिलं," मी म्हणाले. खरंच लिहिलं होतं.

तिनं होडीत पाय ठेवला. कुठंही काही झालं नाही. वाटेत तरंगणारं वल्हं उचलून पाच मिनिटांत ती तात्यांपाशी पोचली, काहिलीला दोर बांधला आणि दोघांना, म्हणजे भांड्याला आणि चेअरमनना, ओढत काठाला आणलं. तात्या उतरले ते गुडघ्यापर्यंत ओले आणि डबा हातात घट्ट धरलेले. तो डबा त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

"आता जाळं होडीतनंच काढ," मी शालनला म्हणाले. "परवानगी मिळाली आहे."

"नगं," ती म्हणाली. "होडी संस्थेची हाय, म्या अजून सभासद न्हाई." तिनं काहिलीतलं पाणी उपसलं, गुडघे टेकले आणि निघाली. जाळं उचललं तेव्हा चिलापी चांगली लागली होती आणि एक मोठा कटला. तो तिनं दोन्ही हातांनी कल्ल्यांत बोटं घालून वर धरला. बांधावर आत्याबाई म्हणाल्या, "घरकाम!" आणि तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

पंचनामा मी तिथंच लिहिला. अर्जदार महिलेने पंचांसमक्ष पाण्यातून चिलापी, कटला एक नग व चेअरमन एक नग बाहेर काढले. वरिष्ठांनी 'चेअरमन एक नग' खाली पेन्सिलीनं रेघ मारून 'विनोद टाळावा' असा शेरा दिला. मी कळवलं, की विनोद नसून पंचांच्या सह्या आहेत.

शालन सभासद झाली. नऊ जाळी परत आली. तिच्यामागून वस्तीतल्या बायकांचे अर्ज आले आणि आता संस्थेच्या कमिटीवर त्या आहेत, होडीत आहेत, ठेक्याच्या बैठकीला सांगलीला येतात आणि खुर्ची मागून घेतात. तलाव अजून रुसलेला नाही. अडचण झाली ती बाजारात. बायका पाण्यात गेल्यामुळे पाटीपुढे नवरे बसायला लागले, आणि त्यांना गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही. सुभेदार आता काठीला टेकून चालतात. मला एसटी स्टँडवर भेटले तेव्हा तक्रार करत होते. "माल ठीक है," ते म्हणाले, "लेकिन स्टाफ बिगड गया. आता उलटून कुणी बोलत नाही हो."

रजिस्टर मात्र दुरुस्त झालं नाही. शालनची एक नोंद बाजूला ठेवली गेली, बाकीच्या माझ्या सुंदर अक्षरात तशाच आहेत. त्यांतल्या काही बायका त्याच व्यवसायासह वारल्या. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते कुठल्याही सरकारी कागदावर नाही, कारण मला ऐकू कमी आलं. मी निवृत्त झाल्यावरही दर वर्षी एक अर्ज करते. त्याला आवक क्रमांक मिळतो. पुढच्या वर्षीही करणार आहे. माझं अक्षर अजून चांगलं आहे, आणि खात्याला भाषणापलीकडेही त्याचा त्रास व्हावा अशी माझी इच्छा आहे.

मध्यंतरी महिला दिनाला शालनच्या संस्थेत कार्यक्रम झाला. निवृत्त असूनही मला बोलावणं होतं. काहील रंगवून व्यासपीठाशेजारी फुलांच्या माळा घालून ठेवली होती. शालननं ती संस्थेला देऊन टाकली आहे, नव्या बायकांना शिकवायला. शालन स्वतः आली नव्हती, तिचा म्हसवडचा बाजार होता. शाल आणि नारळ तात्यांनी तिच्या वतीनं घेतला. पाहुण्यांनी काहिलीकडे हात करून सांगितलं की ही साधी वस्तू नाही, ही स्त्रीशक्तीची नौका आहे, हिनं रूढींचा महासागर पार केला. मग त्यांनी कण्याचं वाक्य म्हटलं. माझंच होतं, कुणीतरी जुन्या फायलीतून काढलेलं. मी मागच्या रांगेत बसले होते. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी मी संस्थेचं डेडस्टॉक रजिस्टर सहज चाळलं. काहिलीची नोंद सचिवांनी नियमाप्रमाणे केलेली आहे. भांडी, मोठी, नग एक. शेरा: गळते.